मोडकी खारी आणि दोन बहिणींचं रक्त

माझं वजन तेव्हा नव्वदीत होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्या वजनामुळे माझी कुठेतरी निवड झाली. गोष्ट दोन हजार चार सालच्या जानेवारीतली. मी कोल्हापुरात एका कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवत होते. शुभांगी माझी विद्यार्थिनी, पीएच.डी. करणारी. तिचा विषय होता लठ्ठ बायकांच्या अंगातला दाह, म्हणजे आतल्या आत धुमसणारी सूज. कुणाच्या अंगात तो जास्त, कुणाच्या कमी. त्यात आईबापांकडून आलेलं किती आणि खाण्यापिण्यातून आलेलं किती, हे तिला शोधायचं होतं. आता ही शुभांगी म्हणजे चिपाड. तिने लठ्ठ बायकांना "तुम्ही जाड आहात, रक्त द्याल का?" असं विचारलं की बायका तिला दारातूनच वाटेला लावायच्या.

"मॅडम, तुम्ही बरोबर चला," ती एक दिवस काकुळतीला येऊन म्हणाली. "तुम्हाला बघून त्यांना धीर येईल."

मी रागवायला हवं होतं. पण पुढे ती म्हणाली, "रत्नागिरी जिल्ह्यात जायचंय. समुद्राकाठी," आणि माझ्या डोळ्यांपुढे तळलेला बांगडा आला. मी हो म्हणून टाकलं.

निमित्तही तसंच भारी होतं. सावर्ड्याच्या एका डॉक्टरांनी शुभांगीला फोनवर सांगितलं होतं, की त्यांच्याकडे वासंती नावाची बाई येते, पन्नाशीची, अंगाने भरलेली, बोटं आणि गुडघे कायम सुजलेले. तिची एक हुबेहूब जुळी बहीण आहे शेवंती, वेळणेश्वरला दिलेली. तीही तेवढीच जाड, पण तिचं काहीसुद्धा दुखत नाही. हे ऐकून शुभांगी प्रयोगशाळेत अक्षरशः नाचली होती. एका नाळेच्या दोघी, म्हणजे रक्तातला वारसा अगदी एकच. मग फरक आला कुठून?

आंबा घाट उतरताना

रविवारी सकाळी माझ्या जुन्या मारुती व्हॅनमधून निघालो. चालवायला मी. शेजारी शुभांगी, मांडीवर बर्फाची पेटी. मागे हाताने फिरवायचं सेंट्रिफ्यूज, म्हणजे रक्त गरगर फिरवून त्यातलं पाणी वेगळं करणारं यंत्र. विजेचा भरवसा नव्हता म्हणून कॉलेजच्या माळ्यावरून ते जुनं धूड शोधून काढलं होतं.

आम्हा देशावरच्या माणसांना कोकण पहिल्यांदा नाकाला कळतं. घाट उतरायला लागलो तशी हवा जड झाली, ओलसर झाली, आणि साखरप्याच्या पुढे आंब्याच्या मोहराचा वास काचेतून आत घुसला. जमीन तांबडी, दगडी कुंपणाचे गडगे तांबडे, रस्त्याकडेची कोंबडीसुद्धा धुळीने तांबडी. देवरुखच्या बाहेर एका म्हाताऱ्याला सावर्ड्याचा रस्ता विचारला तर तो म्हणाला, "हा काय, वाईच पुढं." ते वाईच पुढं संपता संपेना. आमच्याकडे माणूस अंतर जास्त सांगून घाबरवतो, इथे कमी सांगून धीर देतो. मला हीच पद्धत आवडली.

सावर्डे

सावर्ड्याच्या बाजारपेठेत वासंतीवहिनींच्या यजमानांची बेकरी. पुढे दुकान, मागे भट्टी, भट्टीला लागून घर. खारी, टोस्ट, बटर, नानकटाई. वास असा, की मी गाडीला कुलूप लावायचीच विसरले.

वासंतीवहिनी आतल्या खोलीत पलंगावर बसल्या होत्या. रुंद, गोरा, देखणा चेहरा, कपाळावर ठसठशीत कुंकू. उठायला गेल्या तर पलंगाची कड धरावी लागली, आणि पकडताना बोटं मिटेनात. माझ्याकडे त्यांनी वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"बाय, तुमीच काय त्या रगत काडनाऱ्या? मना वाटला कोन तरी सुकट येतेय."

"सुकट ही," मी शुभांगीकडे बोट केलं. वहिनी इतक्या हसल्या की पलंग कुरकुरला. माझी निवड सार्थकी लागली.

चहा आला. बरोबर ताटभर खारी, सगळी तुटलेली, चुरा झालेली. अण्णा, म्हणजे वहिनींचे यजमान, संकोचून म्हणाले, "अखंडी दुकानात जाते, मोडकी घरात. लग्न झाल्यापासनं हीच संपवते सगळी."

"मग टाकायची काय? अन्न हाय ता," वहिनी म्हणाल्या.

मी दोन तुकडे खाल्ले. खरं सांगायचं तर दोन नव्हे. वनस्पती तुपाचा तो थर टाळूला चिकटतो आणि हात आपोआप पुन्हा ताटाकडे जातो. शुभांगीने वहिनींना समजावलं, की उद्या सकाळी उपाशीपोटी रक्त घ्यायचंय, नको वाटलं तर आताच नको म्हणा. वहिनी म्हणाल्या, "घ्या की. पन उपेग काय? आमच्या आवशीचा असाच व्हता. हात सुजले, पाय सुजले, शेवटी हातरुणात गेली. रगातच तसा हाय आमचा."

आवस म्हणजे आई. ते इतक्या सहज बोलल्या, की जणू भट्टीची वेळ सांगताहेत. पण मी हातातला खारीचा तुकडा ताटात परत ठेवला. माझी आईही तशीच गेली होती, आणि शुभांगीने दोनदा मागूनही मी स्वतःचं रक्त तिला दिलेलं नव्हतं. वेळ नाही, असं सांगत होते.

सोमवारी सकाळी रक्त घेतलं. सेंट्रिफ्यूजच्या दांड्याला मी लागले, मग अण्णा लागले. नळी थांबली. खाली लाल, वर पिवळसर स्वच्छ पाणी दिसायला हवं. वर दिसलं ते दुधाळ, गढूळ, अगदी नारळाच्या रसासारखं.

शुभांगीने नळी उजेडात धरली. "वहिनी, काही खाल्लंत का?"

"नाय गो."

"वहिनी, हे रक्तात तूप दिसतंय."

वहिनींनी पदर तोंडाला लावला. "पहाटे भट्टीतनं खारी आली. चार मोडल्या व्हत्या."

शुभांगीला रडू येईल असं मला वाटलं; तिला हसू आलं. अण्णा भिंतीला टेकून हसत होते. पण नमुना वाया गेला होता, आणि आम्हाला तर संध्याकाळपर्यंत वेळणेश्वर गाठायचं होतं.

"तुम्ही इथे राहिलात तर उद्याही भट्टी लागणारच," मी म्हटलं. "आमच्याबरोबर चला वेळणेश्वरला. उद्या सकाळी दोघी बहिणींचं रक्त एकत्रच घेऊ."

वहिनींचं हसू एकदम गेलं. "मी नाय येत."

अण्णांनी मला दुकानात बोलावून घेतलं. "तीन पावसाळं झालं, बहिनीकडं गेली नाय. शेवंती येते, तर ही धड बोलत नाय. का, ता कळत नाय आपल्याला." मग स्वतःच आत जाऊन म्हणाले, "जा की गो. बाई गाडीनं नेतायत." वहिनी खिडकीबाहेर बघत बसल्या. मग कुणालाच काही न सांगता उठल्या आणि पिशवीत साड्या कोंबायला लागल्या.

वेळणेश्वर

पुढच्या सीटवर वहिनी आणि मी, मागे शुभांगी. व्हॅन अशी दबली, की चिपळूणच्या प्रत्येक गतिरोधकाने खालून आम्हाला नमस्कार केला. गुहागरच्या वाटेवर काजूच्या झाडांना बोंडं धरायला लागली होती. समुद्र पहिल्यांदा दिसला, तेव्हा मी इतक्या मोठ्याने ओरडले की वहिनी दचकल्या. "बाय, गाडी रस्त्यात ठेवा. दर्या पळून नाय जायचा."

शेवंतीचं घर नारळीच्या वाडीत, वाळूच्या वाटेवर. मी हॉर्न वाजवला आणि अंगणातून वासंतीवहिनीच धावत आल्या. म्हणजे मला तसंच वाटलं. तोच चेहरा, तोच रुंद देह, तेच कुंकू, फक्त कातडी उन्हाने रापलेली. पण ही बाई धावत होती! माझ्याएवढी जाड बाई वाळूतून धावते हे मी पहिल्यांदा पाहिलं. शुभांगी मागच्या सीटवर "बघा मॅडम, बघा बघा" म्हणून मला बुक्क्या मारत होती.

शेवंतीने दार उघडून बहिणीला अक्षरशः उचलून बाहेर काढलं. "आलीस! आलीस गो तू!" दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मग वासंतीवहिनींनी हळूच हात सोडवून घेतला आणि एकेक पाऊल टाकत त्या ओटीवर जाऊन बसल्या.

माझ्या मनात दिवसभर बांगडा पोहत होता. मी हावरटासारखं विचारलं, "आज जेवायला काय?"

"सोमवार हाय, बाय. शंकराच्या गावात सोमवारी म्हावरा?" शेवंतीने कानाला हात लावला. आमच्याकडेही सोमवार पाळतात, पण मी तो सोयीने विसरत असे. इथे अख्खं गाव देवळाकडे तोंड करून पाळतं. मग कुळथाची पिठी, उकड्या तांदळाचा भात, वालाची उसळ आणि आमसुलाचं सार. पहिल्या घासाला मी तोंड वाकडं केलं, आणि तिसऱ्यांदा भात मागून घेतला.

जेवताना विषयाला तोंड फुटलं ते शेवंतीमुळे. "ती मोडकी खारी सोड म्हनून किती येळा सांगितला. ताच सगळा करतो."

"ता आवशीचा रगत हाय," वासंतीवहिनी म्हणाल्या.

"मग माझ्यात कुनाचा हाय? शेजारनीचा?"

मी हसले. शुभांगी हसली. वासंतीवहिनी मात्र हसल्या नाहीत. ताटातला भात चिवडत त्या म्हणाल्या, "म्हनूनच मी येत नाय हितं. तुला बगितला की वाटतो, एकाच पोटातल्या दोघी, तू धावतेस नि मी बसून हाय. म्हंजे आवशीचा काय नाय, माझाच दोष. मीच खाऊन करून घेतला. आवस बिचारी फुकट बदनाम."

शेवंतीचा घास हातातच राहिला.

मला ते वाक्य लागलं, कारण ते माझंही होतं. जाड बाईला आयुष्यभर दोनच गोष्टी ऐकवतात: एक तर घराणंच तसं, नाहीतर जिभेवर ताबा नाही. पहिलं मानलं की हातपाय गाळून बसायचं, दुसरं मानलं की मान खाली घालायची. रक्ताची नळी मी का टाळत होते, ते मला त्या पिठीच्या वाटीपुढे कळलं.

शुभांगी हळूच म्हणाली, "वहिनी, दोन्ही असतं. अंगातली चरबी नुसती पडून नसते. ती शरीराला सारखा निरोप धाडते, की कुठेतरी जखम झालीय. मग शरीर सूज आणतं, ताप आणतं, नसलेल्या जखमेशी लढत बसतं. काहींना आईबापांकडूनच अशी घाई मिळालेली असते; शरीर लवकर पेटतं. तुम्हाला ती असेल तर शेवंतीमावशींनाही असणार. मग रोजचं खाणं ती घाई वाढवतं किंवा दमाने घ्यायला लावतं. एका जोडीवरून काही सिद्ध होत नाही. पण दोष हा शब्द आमच्या शास्त्रात कुठेच नाही."

"आमच्या गावात हाय," वासंतीवहिनी म्हणाल्या. पण त्यांनी भात खाल्ला.

मंगळवारी सकाळी ओटीवर शिबिरच भरलं. शेवंतीने वाडीतल्या सगळ्या जाड बायकांना निरोप दिले होते. त्या एकमेकींची मापं काढत, खिदळत आल्या. दोघी बहिणी शेजारी शेजारी बसल्या. शुभांगीने सुई उचलली, तेवढ्यात शेवंतीने विचारलं, "बाय, तुमचा काडलाय काय?"

सगळ्या बायकांनी माझ्याकडे पाहिलं.

"माझं... राहिलंय."

"असा काय! आदी म्होरक्याचा काडा!"

मला ओटीवर बसवलं, दोघींनी दोन्ही बाजूंनी धरलं, आणि माझी बाही वर केली. सुई टोचली तेव्हा मी डोळे मिटले. कुणीतरी कौतुकाने म्हणालं, "अगो, बाई भित्री हाय." मग सेंट्रिफ्यूज फिरवायला रांग लागली. त्या बायकांनी ते दळण दळावं तसं गरागरा फिरवलं, वर ओव्याही म्हटल्या. वासंतीवहिनींची नळी थांबली तर वरचं पाणी स्वच्छ, मधाच्या पाण्यासारखं पिवळं. त्यांनी ती दोन्ही सुजल्या हातांत धरून सगळ्यांना दाखवली.

दुपारी मासे आले. बांगडा नाहीच, तारल्या. "ही गरिबाची," शेवंती म्हणाली. केळीच्या पानात भाजलेल्या, काट्यांसकट खायच्या. मी बोटं चाटली. शुभांगी दर घासाला काटा शोधत होती, तेवढ्यात वासंतीवहिनींनी तिसरी तारली उचलली. "भट्टीच्या घरात म्हावरा करायला येळच कुठला? चहा नि खारी, चहा नि खारी," त्या म्हणाल्या.

अंजनवेल

अंजनवेल हे दोघींचं माहेर. आता तिथे कुणी राहिलेलं नाही, पण वासंतीवहिनी म्हणाल्या, "इतक्या लांब आले तर गड बघून जातंय." संध्याकाळी गेलो. त्या मोठ्या वीजप्रकल्पाच्या धुरांड्यांवरून पुढे गेलं की गोपाळगड. मी आमच्या पन्हाळ्याच्या हिशोबाने किल्ला शोधत वर बघत राहिले, तर शेवंती म्हणाली, "समोरच हाय की." बुटका, रुंद, जांभ्या दगडाचा, जमिनीत घट्ट बसलेला. अगदी आमच्यासारखा. मी तसं म्हटलं आणि दोघी बहिणींना हसू आवरेना.

खंदकाजवळ मी पाय घसरून बसले. नुसती बसले असते तर ठीक होतं, पण उठता येईना. शुभांगीने ओढलं तर तीच माझ्या मांडीवर आली. शेवंतीने एक हात धरला. दुसऱ्या हातासाठी कुणी नव्हतं. तेव्हा वासंतीवहिनी, ज्या गाडीतच बसून राहणार होत्या, दगडांना धरत धरत खाली आल्या, माझ्या बगलेत हात घातला आणि म्हणाल्या, "एक, दोन, हो!" मी वर आले. त्या धापा टाकत होत्या. बोटं दुखली असणार. चेहऱ्यावर वेदना होती आणि तरी हसत होत्या.

मग इतक्या खाली आलोच आहोत तर आत जाऊ, असं झालं. आत आंब्याची बाग, मोहराने लगडलेली. तटावरून दाभोळची खाडी समुद्राला मिळताना दिसत होती, पाण्यावर मचव्यांची शिडं. दोघी कठड्याला टेकून उभ्या राहिल्या. लहानपणी इथून आवस हाका मारायची, की समोरच्या काठालाही ऐकू जायचं, असं शेवंती सांगत होती. वासंतीवहिनींनी तिच्या खांद्यावर डोकं टेकलं.

परत येताना गावात त्यांनी गाडी थांबवायला लावली. टेलिफोनच्या बूथवर गेल्या आणि सावर्ड्याला फोन लावला. काचेबाहेर आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

"मी काय उद्या येत नाय... शिमग्यापर्यंत तरी नाय... जेवनाचा बगा तुमी... काय? मोडकी खारी? कोंबड्यांना घाला!"

परत

बुधवारी कुंभार्ली घाटाने परतलो. शेवंतीने पेटीत मासळीवाल्याकडचा ताजा बर्फ भरून दिला होता. कोल्हापूरला प्रयोगशाळेत शुभांगीने ती उघडली आणि किंचाळली. नळ्यांच्या शेजारी, कागदात नीट गुंडाळलेले, सहा बांगडे. नळ्या घट्ट बंद होत्या, म्हणून संशोधन वाचलं. विभागप्रमुखांना वास कुठून येतोय हे आम्ही आठवडाभर कळू दिलं नाही. बांगडे मी त्याच दिवशी रात्री तळले.

निकाल महिन्याने आले. घाईने पेटणाऱ्या शरीराची, आईबापांकडून येणारी खूण दोघी बहिणींत होती, एकसारखी, जशी असायलाच हवी होती. रक्तातला दाह मात्र वासंतीवहिनींचा शेवंतीच्या कितीतरी पट. शेवंतीचाही अगदी कमी नव्हता. ते पाहून मला बरं वाटलं, कारण फक्त मासे खाऊन कुणी सुटत नाही. माझी नळी? माझ्यातही ती खूण निघाली, आणि दाह वासंतीवहिनींच्या जवळ जाणारा. मी तो कागद दोनदा वाचला आणि विचित्र म्हणजे मला भीती वाटली नाही. आईची आठवण आली, इतकंच.

शिमगा झाल्यावर शुभांगी एकटी वेळणेश्वरला जाऊन वासंतीवहिनींचं रक्त पुन्हा घेऊन आली. आता तिला माझी गरज उरली नव्हती. बायका तिला सुकट म्हणून हाक मारत आणि जेवू घालत. या वेळी दाह खाली आला होता. शेवंतीइतका नाही, पण चांगलाच खाली. वजन जवळजवळ तेवढंच. निकाल सांगायला मी शेवंतीच्या घरी फोन केला. वासंतीवहिनीच आल्या फोनवर, अजून तिथेच होत्या.

"म्हंजे जाडी तेवढीच, नि सूज कमी?"

"हो."

"बरा झाला. पोलकी नवी शिवायला नको." मग त्यांनी विचारलं, "बाय, आवशीचीबी अशी उतरली असती काय?"

"कदाचित," मी म्हटलं. "थोडी तरी."

मग त्या म्हणाल्या, "आनि ह्यातला माझा दोष किती नि आवशीचा किती, ता मोजता येतो काय तुमच्या मशीनीवर?"

"नाही, वहिनी. ते नाही मोजता येत."

"मग कशाला मोजा!" त्या एकदम हसल्या, ओटीवरच्या त्या सकाळसारख्या मोकळ्या. "तुमचा किती निघाला, ता सांगा आदी."

मी सांगितलं. त्यांनी रिसीव्हरवर हात न ठेवताच घरात ओरडून विचारलं, "शेवंते, वरची खोली रिकामी हाय ना गो? कोल्हापूरची बाई येतेय ऱ्हायला!"